रुमालाखालचं अर्धं मिनिट

भिका नानांनी मला फसवलं. एकदा नाही, चार वर्षं, दर बाजाराला, माझ्या शेजारी उभं राहून. पैशाच्या बाबतीत त्यांचा हात स्वच्छ आहे, ते मी कुठेही सांगेन. त्यांनी मला माझ्याच डोक्याबद्दल फसवलं. मला झटके येत होते. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं तेव्हाही नाही.

मी सुकदेव. गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी. पंधरा वर्षांपासून धुळ्याला देवपुरात राहतो. म्हशींची दलाली करतो. बापाच्या दारात एक म्हैस नव्हती. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजारापर्यंत नेण्यापासून मी सुरुवात केली, आणि पुढे धुळे-जळगावच्या कुठल्याही गुरांच्या बाजारात माझा शब्द चालायला लागला. नाना माझे भागीदार, पारोळ्याचे, वयाने बारा वर्षांनी मोठे. रक्ताचं नातं नाही, पण माझ्या लग्नात वडीलधारे म्हणून तेच पुढे होते. म्हणून रागातसुद्धा तोंडात 'नानांनी' असंच येतं. सवय आहे.

माझं शिक्षण नववीपर्यंत. मी बोललो आणि माझी मुलगी प्रतिभा हिने लिहून काढलं. शिव्या तिने गाळल्या. ज्यांच्या हातात मेंदूच्या तपासणीचा कागद पडलाय आणि ज्यांना त्यातलं काही कळत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. जे सगळं बघून गप्प बसतात त्यांनीही वाचावं.

सांडशी

म्हशीचा भाव आमच्याकडे तोंडाने ठरत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून आकडा कळतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. तोंडाने फक्त 'हं', 'नाही', 'बघा बुवा'.

बाजारात मला 'सांडशी' म्हणतात. गरम पातेलं धरतो ती सांडशी. सौदा अडला की मी म्हणे गप्प होतो. समोरच्याची बोटं धरलेली असतात ती तशीच घट्ट धरून ठेवतो. सोडत नाही, दाबत नाही, हलत नाही. नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. अर्धं मिनिट, कधी त्याहून जास्त. त्या पकडीत समोरचा घामाघूम होतो आणि आपण होऊन खाली येतो. मग मी 'हं' म्हणतो आणि सौदा होतो.

लोक हे वाखाणायचे आणि मी मिशीत हसायचो. पण खरं सांगतो, ते गप्प राहणं मला कधी आठवलंच नाही. माझ्या आठवणीत सौदा असा असायचा: बोटं धरली, भाव सांगितला, आणि लगेच समोरचा म्हणतोय, 'चला, दिली.' मधलं काही नाही. मला वाटायचं, आपला हात आता इतका बसलाय की पटकन जमतं. नवीन दलालांना मी सल्लासुद्धा द्यायचो. म्हणायचो, बोलणारा हरतो, गप्प राहायला शिका.

कधी कधी त्याच्या आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं आणि करपलेल्या तुपाचा वास यायचा. गुरांच्या बाजारात सतरा वास असतात. त्यातल्या एकाकडे कोण लक्ष देणार.

कपाशीच्या शेतात

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. प्रतिभा देवपुरातच औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकते. ती पारोळ्याला मावशीकडे आली होती आणि मी बाजार आटोपून तिला पिकअपमध्ये घरी घेऊन चाललो होतो. मागे जनावर नव्हतं. दुपारचं ऊन होतं, रस्ता मोकळा होता. ती कॉलेजातल्या कुठल्या तरी मॅडमची नक्कल करून दाखवत होती, एवढं मला आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते म्हणजे काचेवर घासणाऱ्या कपाशीच्या फांद्या. गाडी शेतात शिरून बांधाला टेकली होती. प्रतिभा माझ्याकडे बघत होती आणि तिचा डावा हात मनगटापाशी नको तिकडे वळला होता. मला बोलायचं होतं, पण शब्दच सापडत नव्हते. तिचं नावसुद्धा येईना.

"पप्पा, काय झालं तुम्हाला?"

मी म्हटलं, "हं."

धुळ्याच्या दवाखान्यात तिच्या हाताचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली. नाना तासाभरात हजर. मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनीच धीर दिला. भेटायला येईल त्याला तेच सांगायचे, "झपकी लागली त्याला. लागोपाठ तीन बाजार केले, माणूस थकणारच." मलाही ते पटलं. झपकी कोणालाही लागते, तिची लाज वाटत नाही.

प्रतिभाला मात्र पटलं नाही. गळ्यात हात अडकवलेला, तोंड सुजलेलं, आणि एकच हेका.

"पप्पा झोपले नव्हते. डोळे उघडे होते. काहीतरी चघळल्यासारखं तोंड करत होते. मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मीच स्टिअरिंग ओढलं."

"घाबरल्यावर असं वाटतं बेटा," नाना म्हणाले.

"मी घाबरले नंतर, नाना. आधी मी बघत होते."

इथे घासाघीस नाही

तिच्याच कॉलेजातल्या सरांनी जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव दिलं. मी, मंगला, प्रतिभा असे एसटीने गेलो. नानांना मीच बरोबर घेतलं. डॉक्टर काही विचारतील तर रोज सोबत असणारा माणूस हवा म्हणून. हे मी केलं, माझ्या हाताने.

आधी तपासणी. मेंदूतून वीज कशी वाहते त्याचा आलेख काढतात. तिथल्या बाईंनी माझ्या डोक्याकडे बघितलं.

"तेल लावलंय?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? डोकं चमकतंय. कागदावर लिहून दिलं होतं ना, तेल लावू नका म्हणून. जा, साबणाने धुऊन या."

"बाई, धुळ्याहून आलोय. घ्या ना चालवून."

"काका, तारा चिकटत नाहीत. इथे घासाघीस नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका वाक्यात हरलो. बाहेरच्या नळावर डोकं धुतलं. मग त्यांनी टेप लावून डोकं मोजलं, वीसेक ठिकाणी चिकट मलम लावून तारा चिकटवल्या. दुखत नाही. विजेचा झटकाबिटका देत नाहीत. माझा तसा समज होता आणि मी मनातून तयारी करून बसलो होतो. ते फक्त ऐकतात, देत काही नाहीत. डोळे मिटा, उघडा. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या. मग डोळ्यांसमोर दिवा लुकलुकतो. मग म्हणाल्या, झोपा. आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगितलं होतं, त्यामुळे लगेच डोळा लागला.

उठल्यावर बाईंनी कोमट पाण्याच्या बोळ्याने केसांतलं मलम पुसून दिलं. कानामागचंसुद्धा. मला माझ्या डोक्याला असा कोणी हात लावल्याचं कित्येक वर्षांत आठवत नव्हतं. मी विचारलं, "काय निघालं?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगतील." आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. समोरच्याने नजर कधी चुकवली हे मला कळतं, तोच माझा धंदा आहे.

कागद इंग्रजीत होता. प्रतिभाने वाचला.

"अ‍ॅबनॉर्मल लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बरोबर नाही."

"सगळंच?"

"डाव्या बाजूचं, पप्पा. कानशिलाच्या इथलं. टोकदार लाटा दिसल्यात म्हणतात."

बाकावर बसल्यावर मला मिरगी हा शब्द आठवला. आमच्या गावात एका सासुरवाशिणीला मिरगी यायची. लोक तिच्या नाकाला चप्पल लावायचे. मग एक दिवस तिला माहेरी सोडलं आणि पुन्हा कोणी आणायला गेलं नाही. मला ती बाई आठवली आणि प्रतिभाचं लग्न व्हायचंय ते आठवलं. असल्या माणसाच्या हातात कोण हात देईल, हेही आठवलं. खोटं कशाला बोलू, तेच आधी आठवलं.

मंगलाने डबा उघडला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. कोणी हात लावेना. शेजारी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची एक म्हातारी बसली होती. तिने आमचे चेहरे बघितले, हातातला कागद बघितला. म्हणाली, "माझ्या सुनेचा असाच कागद होता. आठ वर्षं गोळी खाते. दोन लेकरं झाली, शेतात माझ्या पुढे असते. भाकरी खाऊन घ्या." आम्ही खाल्ली. तिलाही दिली.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं

डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाले, "हा निकाल नाही. असल्या लाटा मिरगीच्या माणसात दिसतात, हे खरं. पण क्वचित धडधाकट माणसाच्या कागदावरही असं काही येतं, आणि मिरगी असलेल्या कितीतरी लोकांचा कागद स्वच्छ येतो. नुसत्या कागदावरून मी ठरवत नाही. मला बघणारा माणूस लागतो."

हे मला लगेच पटलं. म्हशीचं वय दातावरून कळतं, पण ती दूध किती देते ते धार काढणाऱ्यालाच विचारावं लागतं.

ते बाकीच्यांकडे वळले. "यांना आधी कधी असं झालंय? बोलता बोलता मध्येच गप्प होणं, टक लावून बघणं, ओठ हलवणं, हाताने उगाच काहीतरी चाळवणं? मिनिटभरात पुन्हा ठीक होणं?"

मंगलाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, घाबरली असेल.

नाना म्हणाले, "नाही साहेब. आठवड्यातले पाच दिवस मी यांच्यासोबत असतो. असं काही नाही. थकले होते, झपकी लागली."

"नीट आठवून सांगा. यावर बरंच अवलंबून आहे."

"नाही साहेब. मी शेजारीच असतो ना."

डॉक्टरांनी उलटा ठेवलेला कागद सरळ केला. मग म्हणाले, "मुलगी सांगते ते मला महत्त्वाचं वाटतं. माझं मत विचाराल तर गोळी सुरू करा."

आणि मी घासाघीस केली. एकदाच झालंय म्हटलं. एक म्हणतो झपकी, एक म्हणते झटका, मग महिनाभर बघू की. मला तेव्हा नानांचा शब्द खरा ठरायला हवा होता, कारण तो मला सोयीचा होता. डॉक्टर म्हणाले, "मी जबरदस्ती करू शकत नाही. पण गाडीला हात लावायचा नाही. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, उंचावर चढायचं नाही. आणि असं काही दिसलं तर कोणीतरी मोबाईलवर चित्रण करा."

आठ दिवसांत मी पिकअप पुन्हा हातात घेतली. नाना म्हणाले, "डॉक्टर असं सांगतच असतात."

मी कसा दिसतो

चित्रण आधीच झालेलं होतं.

पारोळ्याच्या बाजारात कोणीतरी अपघाताआधीच्या उन्हाळ्यात माझा सौदा मोबाईलवर घेतला होता. वर मजकूर टाकला होता, 'सांडशी भाऊंचा सौदा, बघा आणि शिका.' तो फिरत फिरत प्रतिभाच्या मैत्रिणीकडे आला. प्रतिभाने मला समोर बसवलं, मोबाईल हातात दिला आणि म्हणाली, "मध्ये बंद करायचा नाही."

मी आधी कौतुकानेच बघायला लागलो. रुमालाखाली माझा उजवा हात, समोर एक शेतकरी. मग मी गप्प होतो. मला वाटलं होतं, त्यावेळी माझा चेहरा करारी दिसत असेल. तो चेहरा करारी नव्हता. त्या चेहऱ्यात कोणी नव्हतं. ओठ चपचप हलत होते. डावा हात सदऱ्याचं बटण चाळवत होता, पुन्हा पुन्हा तेच बटण. रुमालाखालचा उजवा हात मनगटापासून वाकडा होऊन ताठ झाला होता. तो शेतकरी आधी हसतो, मग बोटं सोडवायला बघतो, मग घाबरतो. मग म्हणतो, "बरं भाऊ, तुमचंच खरं, घ्या."

माझी सगळी हुशारी ती एवढीच होती. जिला मी कमाई समजत होतो, वीस वर्षांच्या मेहनतीने हातात आलेली कला समजत होतो, ती माझी नव्हतीच. मी तिथे हजरसुद्धा नव्हतो.

प्रतिभा म्हणाली, "आता नानांकडे बघा."

नाना माझ्या मागे. मी गप्प झाल्याबरोबर ते एक पाऊल पुढे येतात, डावा तळहात माझ्या कोपराखाली लावतात आणि तोल सांभाळून धरतात. न बघता, जसं गाय धार काढताना हलली की आपण सवयीने तिचा पाय आवरतो तसं. दुसऱ्या हाताने लोकांना मागे सारतात. शेतकऱ्याला म्हणतात, "थांबा, भाऊ विचार करताहेत." मग मनगटावरचं घड्याळ बघतात. आणि मी डोळे मिचकावायच्या जरा आधी म्हणतात, "आता बोलतील."

आता बोलतील. त्यांना माझा वेळ पाठ होता.

नानांच्या ओट्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने पारोळ्याला गेलो. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते. अक्कांनी, त्यांच्या बायकोने, चहा आणला. मी चहाला हात लावला नाही. व्हिडिओ लावून मोबाईल त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला. चष्मा काढला.

"केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"तीन-चार वर्षं झाली असतील. पहिल्यांदा मी घाबरलो रे. तुला धरलं. वाटलं, पडतोस आता."

"मग?"

"मग त्या दिवशी सौदा चांगला झाला."

अक्का दारातच थांबल्या. मी म्हटलं, "पुढे बोला."

"पुढे काय. मला वाटलं, सांगितलं तर तू बाजारात यायचा बंद होशील. लोकांना कळलं असतं तर तुझ्या हातात हात कोणी दिला असता? मुलगी लग्नाची आहे तुझी."

"माझ्या मुलीचं नाव घेऊ नका."

"सुका, ओरडू नको."

"डॉक्टरांनी दोनदा विचारलं, नाना. दोनदा."

नाना चिडले की अहिराणीवर येतात. "माले काय डॉक्टरकी येस का? तू गप व्हस, समोरला ढिला पडस, बठ्ठा बाजार टाळ्या वाजाडस. मी तुन्हं वाईट कधी पाह्यं नही."

मी म्हटलं, "नाना, कासेचे दोन सड बंद असलेली म्हैस तिची खोड न सांगता कोणी विकली तर आपण काय करतो? बाजारात चार लोकांसमोर उभं करतो. म्हैस परत घ्यायला लावतो आणि वर्षभर त्याच्या हातात हात देत नाही. तुम्हीच शिकवलंय मला. आणि इथे खोड कोणाची लपवली? माझी, माझ्यापासून."

नानांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. अक्का म्हणाल्या, "मी यांना म्हटलं होतं, सांगून टाका म्हणून." म्हणजे अक्कांनाही माहीत होतं. मी उठलो. पायरीवरचा कप लाथेने उडवला, ते मात्र चुकलं. कप अक्कांचा होता.

घरातलं

त्याच रागात घरी आलो आणि मंगलाला विचारलं. डॉक्टरांसमोर मान का खाली घातली होती?

तिने जेवणाचं सांगितलं. दोन-तीनदा मी घास हातात घेऊन तसाच बसलो होतो, ओठ हलवत. पहिल्यांदा तिने हाक मारली, खांदा हलवला. मी भानावर आलो आणि ताट भिरकावलं. मला ते ताट आठवतं. भाजी खारट होती म्हणून भिरकावलं अशी माझी समजूत होती.

"पुन्हा हाक मारायची हिंमत नाही झाली," ती म्हणाली. "धंद्याचं डोक्यात असेल, म्हटलं. आणि नाना म्हणायचे, त्याला त्या वेळी छेडू नका."

मी बराच वेळ तिच्यावर ओरडलो. मग प्रतिभा म्हणाली, "पप्पा, आता जे करताय त्यामुळेच मम्मी बोलली नाही." तिथे मी थांबलो. हे मी माझ्या वाट्याला घेतो. ज्याच्या रागाला घर घाबरतं, त्याला घरचे त्याच्या आजाराचंसुद्धा सांगत नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा स्वभाव माझ्यासारखा असेल तर त्याने आजच घरी विचारावं, माझ्यात काही बघितलंय का. आणि उत्तर ऐकताना हात मांडीखाली ठेवावेत.

गोळी

व्हिडिओ बघून डॉक्टर म्हणाले, "आता कागद आणि माणूस दोन्ही जुळले." मिरगीच. डाव्या कानशिलाखालून उठणारी, तिथेच विरणारी. माणूस पडत नाही, फेस येत नाही, म्हणून कोणाला वाटत नाही की हा झटका आहे. मेंदूचा फोटोही काढला, त्यात गाठबिठ काही नव्हती. त्या दिवशी मंगलाने देवळात नारळ फोडला आणि मी तिच्यासोबत गेलो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गोळी सकाळ-संध्याकाळ. पहिला महिना वाईट गेला. डोकं जड, जिभेवर साय आल्यासारखी, आणि चिडचिड, जणू ती आधी कमी होती. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी मात्रा बदलली. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मी एकदा केली, चौथ्या दिवशी मोरीत बसून होतो, हातात तांब्या, किती वेळ ते देवाला ठाऊक. त्यानंतर आठ महिने काही नाही. मध्ये पुन्हा आलेख काढला, तो बराच सुधारला होता. मी पेढे आणले. डॉक्टरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "कागद चांगला आला म्हणून गोळी थांबत नाही." इथेही घासाघीस नाही.

गाडी बंद. प्रतिभाचा हात बरा झाला, थंडीत दुखतो. आता ती स्कूटर चालवते आणि मी मागे बसतो. देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडताना ओळखीचे लोक हात करतात. पहिल्यांदा लाज वाटायची. आता मीही हात करतो.

बाजारात मी स्वतःच सांगितलं, रुमाल टाकायच्या आधी. मला मिरगी आहे, गोळी चालू आहे, गप्प झालो तर हात सोडवून घ्या आणि मला खाली बसवा, तोंडात पाणी घालू नका, चप्पल लावू नका. पहिल्या दिवशी दोघं उठून गेले. तिसरा, अमळनेरकडचा शेतकरी, म्हणाला, "मग मागच्या साली माझी म्हैस घेतली ती मिरगीने घेतली का तुम्ही?" सगळे हसले. मीसुद्धा. मग त्याने हात पुढे केला.

पण सौदे पूर्वीसारखे जमत नाहीत. मी आता जास्त बोलतो.

एक जागा

नाना निरोप पाठवतात. झालं गेलं विसर म्हणतात, वय झालंय म्हणतात. मंगला म्हणते, जाऊ द्या, त्यांनी कोपर धरलं होतं म्हणून तुम्ही कधी पडला नाहीत. तेही खोटं नाही. मी जवळजवळ जाऊ दिलं होतं.

पण हे लिहिता लिहिता मागच्या आठवड्यात प्रतिभाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पप्पा, नाना गाडीत पुढे का नाही बसायचे?"

मी म्हटलं, जनावर सांभाळायला मागे बसायचे.

"आणि जनावर नसलं की?"

मी आठवून बघितलं. जनावर नसलं की नाना एसटीने जायचे. कॅबिनमध्ये गुडघे अवघडतात म्हणायचे. मी किती वेळा म्हटलं, नाना, रिकामी गाडी आहे, बसा. नाही बसले. आधी बसायचे, वर्षानुवर्षं माझ्या शेजारी पान खात बसून आले आहेत. बंद केलं त्याला साधारण तीन-चार वर्षं झाली.

"त्या दिवशी मावशीच्या गल्लीत नाना उभे होते," प्रतिभा म्हणाली. "मी बॅग घेऊन मागे चढत होते, मागे वारा छान लागतो म्हणून. ते म्हणाले, मागे नको बेटा, पप्पांजवळ पुढे बस. दार त्यांनी उघडून दिलं."

सौदे गेले ते गेले. चार वर्षं बिनगोळीची गेली, त्यांचंही मी एकवेळ गिळीन. डॉक्टरांसमोरचं खोटंही तुमच्या भित्रेपणावर घालीन. पण नाना, ज्या जागेवर तुम्ही स्वतः बसत नव्हता, त्या जागेवर तुम्ही माझ्या मुलीला बसवलंत. निरोप पाठवू नका. देवपुरात माझ्या घरी या, दिवसाढवळ्या, अक्कांना घेऊन या. माझ्याशी बोलायचं नाही. प्रतिभासमोर बसायचं आणि ते दार का उघडलंत, ते तिला सांगायचं.